सड्यावरचं कातळशिल्प, चिरेखाणीची मागणी आणि आमचं गाव

सडेवाट

नमस्कार मंडळी,

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं, चार वाड्यांचं. नाव आत्ता लिहीत नाही, कारण जागेला अजून कसलंच संरक्षण नाही. वरच्या वाडीमागची घाटी चढून गेलं की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार लागतं आणि सड्याच्या पश्चिम टोकाला एक मोठं कातळशिल्प, म्हणजे कातळात कोरलेलं चित्र आहे. जुन्या माणसांना ते पहिल्यापासून ठाऊक आहे. "पांडवांनी वनवासात एका रात्रीत काढलेलं चित्र" ही त्याची गावातली ओळख. गुराखी पोरं तिथेच बसून भाकरी खायची. शिमग्यात त्या बाजूने जाताना काही घरची माणसं नारळ ठेवतात. का ठेवतात ते विचारलं तर "वडील ठेवायचे" एवढंच उत्तर मिळतं.

यंदा वणव्यात गवत जळालं आणि आजवर मातीखाली असलेला भाग उघडा पडला. मधोमध दोन पुरुष लांबीचा चौकोनी पट आहे, त्यात नागमोडी रेषा आणि वाटीएवढे खळगे. पटाच्या डावीकडे लांब शेपटीचा मासा. किनाऱ्यावरच्या आमच्या पाहुण्यांनी तो पाकट असल्याचं बघताक्षणी सांगितलं. उजवीकडे माणसाचे कमरेखालचे पाय, पावलं दोन्हीकडे बाहेर वळलेली. वरचं शरीर नाहीच.

पाकटाच्या शेपटीची रेघ बोटभर खोल आहे. तिच्यातून बोट फिरवलं तर कडा अजून हाताला लागतात. एके ठिकाणी जांभ्याला मूळचंच भोक आहे, तिथे कोरणाऱ्याने रेघ थोडी वळवून घेतली आहे आणि पुढे पुन्हा सरळ नेली आहे. मी तिथे बराच वेळ बसून होतो. कुणीतरी इथेच ओणवं बसून, कातळ कुठे ठिसूळ आहे ते चाचपून हे काम केलंय.

आता अडचण. ही जमीन आमची सामाईक आहे, चुलत्यांची बरीच नावं सातबाऱ्यावर आहेत, निम्मे जण मुंबईत. चिरेखाणीसाठी, म्हणजे घरबांधणीचे जांभ्याचे चिरे कापून काढायला, एकाने मागणी घातली आहे. एका चुलत भावाला पैशांची खरोखर निकड आहे, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एकदा यंत्र लागलं की हे चित्र आठवड्याभरात घरांच्या भिंतीत गेलेलं असेल.

गावाने आणि आम्ही घरच्यांनी काय करावं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. पुढच्या ग्रामसभेआधी घरात बोलायचं आहे.

खाडीकाठ

पहिलं काम: फोटो कुठेही टाकू नका, निदान आजूबाजूचा परिसर ओळखू येईल असे तरी नकोच. नाव लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत.

वर्णन वाचून अंगावर काटा आला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आजवर ७० हून अधिक ठिकाणी १५०० हून जास्त चित्रांची नोंद झाली आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई या अभ्यासकांनी २०१२ पासून गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत यातली बहुतेक शोधली. म्हणजे गावाला माहीत होतंच, विचारायला कुणी गेलं नव्हतं. गोव्यात कुशावती नदीकाठची फणसाईमळची चित्रंही स्थानिक लोकांनीच अभ्यासकांना दाखवली.

कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो पुरता दिसत नाही, तुकड्यातुकड्याने डोक्यात जुळवावा लागतो. उंचावरून बघायची सोय नसताना एवढं मोठं आणि एवढं प्रमाणबद्ध कसं आखलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. बारसूला मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना झेपावणारे वाघासारखे प्राणी आहेत. तुम्ही सांगताय तसे फक्त कमरेखालचे पाय मीही कोकणात पाहिले आहेत. पाकट आणि इतर मासे तर बऱ्याच सड्यांवर आहेत.

उत्तरवारा

विरोध म्हणून नाही, समजून घ्यायचं म्हणून विचारतो. हे इतकं जुनं आहे हे कशावरून? शंभर-दोनशे वर्षांपूर्वी गुराख्यांनी वेळ घालवायला कोरलं असेल तर? ग्रामसभेत हा प्रश्न कुणीतरी नक्की उभा करेल. उत्तर तयार हवं.

मुरूममाती

प्रश्न योग्य आहे. मी भूगोल शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

कातळावरच्या रेघेचं वय थेट काढता येत नाही. कोळसा, हाड असं काही त्या खाचेत शिल्लक नसतं, त्यामुळे कार्बन पद्धत चालत नाही. म्हणून आडून पुरावे बघावे लागतात. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे काय कोरलंय आणि काय कोरलेलं नाही. हत्ती आहेत, एकशिंगी गेंडा आहे, मासे, कासवं, मोर आहेत. नांगर नाही, बैलजोडी नाही, शेतीचं एकही काम नाही. शेती करणाऱ्या माणसाने इतकी चित्रं काढावीत आणि त्यात नांगराचा बैल नसावा हे पटत नाही. ही शिकार आणि मासेमारीवर जगणारी माणसं असणार.

आता गेंडा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या गुराख्याने गेंडा कुठे पाहिला? गुजरातमध्ये लांघणज इथे मध्याश्मयुगीन, म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या दगडी हत्यारांच्या काळातल्या वस्तीत गेंड्याचं हाड मिळालं आहे, म्हणजे पश्चिम भारतात हा प्राणी एके काळी होता. हत्तीबद्दल कुणी म्हणेल की ते सिंधुदुर्गात तिलारीकडे आहेतच, पण ते कर्नाटकातून गेल्या पंचवीसेक वर्षांत आलेले कळप आहेत.

तिसरी गोष्ट, कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात दगडी हत्यारं मिळाली. माणूस या भागात त्या काळी राहत होता हे त्यातून दिसतं. तेजस गर्गे पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना त्यांनी इ.स.पू. १० हजारच्या आसपासचा पहिला अंदाज सांगितला होता. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असं मात्र मला वाटत नाही. काही ठिकाणी रेघांची धाटणीच वेगळी आहे.

ग्रामसभेत आकडा छातीठोकपणे सांगू नका. "शेतीच्या आधीच्या माणसांचं काम असावं, अभ्यास चालू आहे" एवढं पुरेसं आहे, आणि तेवढंही काही कमी नाही.

चिरेबंदी

मी स्वतः चिरेखाणीच्या धंद्यात आहे, त्यामुळे इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

कोकणातलं जवळजवळ प्रत्येक घर जांभ्याचं आहे. खाण चालू असली की गावातल्या माणसांना काम मिळतं, ट्रकवाल्याला, हॉटेलवाल्याला मिळतं. सातबाऱ्यावर सडा पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी म्हणून लागलेला असतो, तिथे भात होत नाही, कलमं लावायची तर सुरुंग लावून खड्डे काढावे लागतात. मालकाला त्या जमिनीतून मिळणारा बहुतेक वेळा पहिला पैसा खाणीचाच. म्हणून मालक हो म्हणतो. त्याला इतिहास कळत नाही असं समजू नका.

आता माझं मत. चित्र असलेला तुकडा खाणीतून वगळून बाकीचा द्या, असं तुम्हाला कुणी सुचवेल. मी सुचवणार नाही. यंत्राने चिरा कापताना पाण्याची वाट बदलते, धूळ बसते, ट्रक सड्यावरून कुठूनही फिरतात. शेजारी खोल खड्डा झाला की कातळाची कड सुटी पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ढासळते. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खाण द्यायचीच असेल तर सड्याच्या पार दुसऱ्या अंगाला, मधे उतार असेल अशी जागा बघा, आणि ट्रकची वाट चित्राच्या बाजूने नको हे करारात लिहून घ्या.

सडेवाट

चिरेबंदीदादा, तुम्ही या धंद्यात असून हे लिहिलंत, फार बरं वाटलं. भावाला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. माझ्यापेक्षा तुमचं त्याला जास्त पटेल.

हसोळची सून

माझं सासर देवीहसोळच्या बाजूचं. आमच्याकडे आर्यादुर्गेच्या देवळाजवळच सड्यावर मोठा चौकोनी पट आहे, आत अशीच गुंतागुंतीची नक्षी आणि नागमोडी रेघ. देवीच्या उत्सवात गावकरी तिथे येतात, विधी करतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला तिथे नेलं होतं आणि पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे चप्पल बाहेर काढ. पुरातत्त्व, युनेस्को हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते.

ज्यांनी कोरलं त्यांचा विधी काय होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आमचा विधी तोच आहे असंही मी म्हणणार नाही, मधे हजारो वर्षं गेली. पण माणसं तिथे अजून काहीतरी करतात म्हणून ती जागा राहिली. तुमच्याकडे नारळ ठेवणारी घरं आहेत ना? आधी त्यांच्याशी बोला. गावकार, मानकरी, गुरव यांना घेऊन सड्यावर जा. "सरकारी पत्र आलंय" म्हणून विषय निघाला तर लोक दोन पावलं मागे सरतात. "आपल्या वडिलांनी नारळ ठेवलेली जागा" म्हणून निघाला तर म्हातारी माणसं स्वतः उभी राहतील.

एक विनंती. तिथे देऊळ, घुमटी, फरशी असलं काही बांधू देऊ नका. भक्तीपोटी कुणीतरी हे सुचवतंच. सिमेंट पडलं की चित्र गेलं.

तलाठी नव्हे

महसुलाच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. नेमकं लिहितो.

चिरा हे गौण खनिज आहे. खाणीला जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी लागते आणि २०१३ चे गौण खनिज नियम लागू होतात. जमीन सामाईक असेल तर सर्व खातेदारांची संमती मागितली जाते. त्यामुळे तुम्ही आणि आणखी दोघा-तिघांनी लेखी हरकत दिली तर काम तिथेच थांबतं. पण हा मार्ग शेवटचा ठेवा. भावाभावांत कागद फिरायला लागले की पुढची पिढी सड्यावर एकत्र जात नाही.

संरक्षणाचं म्हणाल तर लोकांच्या मनात दोन कायद्यांची गल्लत असते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो. त्यात २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आली. गावात भीती पसरते ती यामुळे, की उद्या गोठा बांधायलासुद्धा दिल्लीला विचारायचं का. राज्य संरक्षित स्मारकाचा कायदा १९६० चा, तो वेगळा. त्यात आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींना मुदत असते, मग अंतिम अधिसूचना. संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली असं नाही. मालकाशी करार करायची तरतूद आहे. भावाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

तुम्ही करायचं ते असं. ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात सर्व्हे नंबर, हिस्सा, चतुःसीमा आणि चित्रांचं मोघम वर्णन घाला. ठरावाची प्रत आणि फोटो जोडून रत्नागिरीच्या सहाय्यक संचालक, पुरातत्त्व यांना अर्ज करा. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना. पोच घ्या. खनिकर्मची प्रत सर्वांत महत्त्वाची, कारण उद्या परवानगीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर येणार.

खाडीकाठ

यात भर. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. एकूण नऊ ठिकाणं: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ. तुमचं गाव यात नसलं तरी अर्जात याचा उल्लेख करा.

आणि उक्षीला एकदा जाऊन या, शक्यतो भावाला आणि सरपंचांना घेऊन. तिथे गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती संरक्षक कठडा उभा केला. दुसऱ्या गावाने केलेलं डोळ्यांनी बघितलं की आपल्याकडे ठराव करणं सोपं जातं.

उत्तरवारा

मुरूममाती, उत्तर पटलं. आता दुसरी शंका. पर्यटक आले तर जागा टिकेल का? कातळावर खडूने रेघा भरून फोटो काढलेले मी पाहिले आहेत. पाणी ओततात, वरून गाड्या नेतात. खाणीने एका आठवड्यात जाईल ते गर्दीने दहा वर्षांत जाईल, एवढाच फरक.

मुरूममाती

खरं आहे. म्हणूनच आधी नोंद, मग संरक्षण, मग बघायला येणारी माणसं, हा क्रम मोडू नये.

नोंदीसाठी काही सूचना. चित्र सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघा. तिरका उजेड पडला की उथळ रेघाही उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट होतं. माती काढायला मऊ केरसुणी वापरा. तारेचा ब्रश, खराटा, पहार अजिबात नको. शेवाळ किंवा दगडफूल खरवडू नका, त्याबरोबर जांभ्याचा पापुद्राही निघतो. खडू, चुना, तेल, रंग काहीही नको. सुतळीने एक-एक मीटरचे चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनाचा वरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. खुंट्या कातळात ठोकायच्या नाहीत, दोऱ्या दगडांना बांधायच्या. शाळेतली मुलं हे काम अतिशय मन लावून करतात आणि ज्या मुलाने तो पाकट कागदावर उतरवला तो त्यावर गाडी चढू देणार नाही.

पावसाळ्यातही एकदा जा. खाचांत पाणी साठतं आणि उन्हाळ्यात न दिसलेल्या आकृत्या त्या पाण्यामुळे कळतात.

सड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. पोटखराब हा सातबाऱ्यावरचा शब्द आहे, सड्याचं वर्णन नाही. पावसात तिथे सीतेची आसवं, गेंद, सोनकी फुलते. दीपकाडीसारखी फक्त आपल्या कोकणातली वनस्पती त्या चार बोटं मातीत उगवते. आणि जांभा पाणी धरतो. सड्यावर मुरलेलं पाणीच खालच्या वाडीतल्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं. सडेवाट, तुमच्या वरच्या वाडीची विहीर मे महिन्यात चालते का? चालत असेल तर ग्रामसभेत आधी विहिरीबद्दल बोला आणि चित्राचा विषय त्यानंतर काढा.

सडेवाट

विहीर मे अखेरपर्यंत चालते. खालच्या दोन वाड्यांचं पाणी संपलं की सगळे तिथेच येतात. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

कुशावती

मी गोव्याची. फणसाईमळ नदीकाठी आहे, सड्यावर नाही, त्यामुळे तिथलं संकट वेगळं: पुराचं पाणी आणि गाळ. पण तिथला कोरलेला चक्रव्यूह बघायला गेलात की एक गोष्ट कळते. नकळत आपण बोटाने त्या वाटेवरून जायला लागतो. नक्षी बघण्यासाठी कोरली की त्या वाटेने चालण्यासाठी, असा प्रश्न पडतो. तुमच्या पटातल्या नागमोडी रेघांना सुरुवात आणि शेवट आहे का, ते नीट तपासा. कागदावर उतरवताना रेघ कुठून निघते आणि कुठे संपते हे नोंदवलंत तर पुढच्या अभ्यासकाला फार उपयोग होईल.

खाडीकाठ

याला जोडून: देवाचे गोठणे इथे मानवाकृतीच्या जागी होकायंत्राची सुई भरकटते. तुमच्याकडे होकायंत्र नेऊन बघायला हरकत नाही. सुई हलली म्हणून लगेच चमत्कार म्हणू नका आणि हलली नाही म्हणून जागेचं मोल कमी होत नाही. जांभ्यात लोह भरपूर असतं. लिहून ठेवा, बस्स.

सडेवाट

मंडळी, ग्रामसभा झाली. घरचं बोलणंही झालं. जमेल तसं सगळं लिहितो.

आधी गावकार आणि नारळ ठेवणाऱ्या घरांतली माणसं यांना घेऊन सड्यावर गेलो. सगळ्यात वयस्कर आजोबा पटाच्या कडेला बसले आणि त्यांनी न विचारता सांगितलं की त्यांच्या लहानपणी पाऊस लांबला की इथल्या खळग्यांत पाणी ओतायला बायका यायच्या. हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून ठेवलं आहे.

ग्रामसभेत विहिरीचा विषय पहिला घेतला. बायकांनी तो उचलून धरला आणि खाण त्या अंगाला नको यावर एकमत झालं. चित्राच्या संरक्षणाचा ठरावही झाला, पण सहज नाही. "उद्या घर दुरुस्त करायला परवानगी लागेल" हा मुद्दा आलाच. तेव्हा तलाठी नव्हे यांनी समजावलेला दोन कायद्यांचा फरक सांगितला. दोघांनी तरीही विरोध नोंदवला आणि तो ठरावात लिहिला आहे. अर्ज गेला, तिन्ही पोच मिळाल्या. खनिकर्मची सुद्धा.

भावाचं सांगतो. तो उक्षीला आला होता. परतताना गाडीत फारसा बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "चित्राच्या अंगाचा सडा मी मागणार नाही, पण माझा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी मिळून सोडवायचा." मला हे रास्त वाटलं. मुंबईकर चुलत्यांशी बोलून आम्ही या वर्षीच्या शिक्षणाचा खर्च वाटून घेतला आहे. पुढच्या वर्षांचं अजून ठरलेलं नाही. सड्याच्या पूर्व अंगाला, उताराच्या पलीकडे मर्यादित खाण देता येईल का ते तपासतोय. चिरेबंदीदादा, तुम्ही येऊन जागा बघाल का? विहिरीच्या पाण्याला धक्का लागणार असेल तर तिथेही देणार नाही.

आता पावसाच्या आत मोजणी उरकायची आहे. शाळेतले शिक्षक तयार आहेत, मुलं तर आत्ताच सुतळीची रिळं घेऊन फिरताहेत. नकाशाचं काम जाणणारं एक माणूस हवं आहे.

चिरेबंदी

येतो. पुढच्या आठवड्यात राजापुरात आहेच. पूर्वेकडचा उतार आणि विहिरीची जागा दोन्ही दाखवा, त्याशिवाय सांगता येणार नाही.

मुरूममाती

मोजणीला मी येते. मोठ्या मोजपट्ट्या आणि आलेखाचे कागद माझ्याकडे आहेत. मुलांना टोप्या घालून पहाटे बोलवा, नऊनंतर कातळ तापतो. आजोबांनी सांगितलेले पाण्याचे खळगे कोणते, ते त्यांच्याकडूनच दाखवून घ्या आणि नकाशात वेगळ्या खुणेने मांडा.

हसोळची सून

आजोबांना सड्यावर नेताना चढणीला कुणीतरी सोबत ठेवा. आणि त्या बायका पाणी ओतताना काही म्हणायच्या का, ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. आजोबांना ते माहीत नसेल.